मातीत राहिलेला कागद

आमच्या कॉलेजात सरांना सगळे पाठीमागं 'आवक-जावक' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हटलं असतं तरी ते रागावले नसते म्हणा. "बरोबर आहे, पण मधला साठा विसरलास," एवढी दुरुस्ती करून पुढं गेले असते. आत येतं किती, बाहेर जातं किती आणि मध्ये उरतं किती, यापलीकडं जगात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नसे. त्यातही 'उरतं किती' हा त्यांचा लाडका प्रश्न. येणारं सगळ्यांना दिसतं, जाणारंही दिसतं, उरलेलं मात्र कुणाच्या डोळ्यावर येत नाही, असं ते म्हणायचे.

मी मंचरजवळच्या त्या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा ते विभागात जुने झाले होते. उंच, वाळके, अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात बारा महिने चपला आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत खडू, पाण्याची बाटली आणि एक ताणकाटा. होय, ताणकाटा, आकड्याला वस्तू अडकवून वजन करतात तो. त्या आकड्याला त्यांनी काय काय म्हणून लटकवलं नाही! प्राचार्यांना मिळालेला पुष्पगुच्छ लटकवला, कँटीनमधल्या वाटाण्याच्या टरफलांची पिशवी लटकवली. एकदा माझा डबा जेवायच्या आधी आणि जेवल्यावर लटकवला आणि म्हणाले, "मॅडम, वांग्याची देठं वजा जाता तुमच्या पोटात फारच कमी गेलंय." मी नवी होते, पण मुकी नव्हते. म्हटलं, "सर, तुम्ही लग्न केलं असतं ना, तर बाईनं तुम्हाला आठवड्याच्या आत रेघेबाहेर काढलं असतं." "म्हणून तर नाही केलं," ते म्हणाले आणि काटा पिशवीत टाकून वर्गावर गेले.

ही रेघ काय, ते सांगायला हवं. सर शिकवायचे त्या विषयाला अभ्यासक्रमात लांबलचक इंग्रजी नाव होतं. मुलं 'एलसीए' म्हणून सुटायची. एखादी साधी वस्तू घ्यायची. खडू घ्या, केरसुणी घ्या, माठ घ्या. ती कशाची झाली, तो माल कुठून आला, वापरताना काय लागलं आणि शेवटी तिचं झालं काय, याच्या चौकटी फळ्यावर काढायच्या. चौकटी बाणांनी जोडायच्या, बाणांवर वजनं लिहायची. मग त्या सगळ्या पसाऱ्याभोवती एक तुटक रेघ मारायची. रेघेच्या आतलं आपण मोजणार, बाहेरचं सोडून देणार. पुस्तकात ही रेघ म्हणजे नुसती एक पायरी होती. सरांच्या लेखी ते पाप होतं. करावं लागतं, पण पाप. त्यामुळे तोंडी परीक्षेला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "रेघेच्या बाहेर काय काय टाकलंस?"

दरवर्षी ते वर्गाला एकच वस्तू द्यायचे, मल्चिंग पेपर. नावाला पेपर. आहे ते प्लास्टिकच, वरून चंदेरी, खालून काळं. वाफ्यावर अंथरतात, भोकं पाडून त्यात रोपं लावतात. तण येत नाही, पाणी कमी लागतं. आमच्या जुन्नर-आंबेगावात टोमॅटो म्हटला की कागद आलाच, आणि शेतकऱ्यांची पोरं असल्यामुळे मुलं पहिल्या सगळ्या चौकटी धडाधड भरायची. गाडी अडायची शेवटच्या चौकटीत. पीक निघाल्यावर कागदाचं काय? घाटघरचा एक मुलगा एकदा म्हणाला, "जाळला, सर."

"धूर कुठं गेला?"

"वर गेला."

"वर म्हणजे कुठं?"

"आभाळात, सर."

"आभाळ तुझ्या रेघेच्या आत का बाहेर?"

पोरगं म्हणालं, "सर, आमच्या घाटघरला पावसाळ्यात आभाळच खाली उतरतं. अंगणात येतं. मग ते आत धरायचं का?" बाहेरून आलेले परीक्षक खो खो हसले. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुढं कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये ते उत्तर जो भेटेल त्याला ऐकवलं.

शालीची गोष्ट तर तालुकाभर झाली होती. सत्काराच्या शाली फिरत्या असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बोलत कुणी नाही. जुन्नरच्या एका शाळेनं सरांना शाल पांघरली, तेव्हा त्यांनी तिच्या दशीला गुपचूप लाल दोऱ्याची गाठ मारली आणि पुढच्याच कार्यक्रमात ती दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर घातली. काही वर्षांनी लेण्याद्रीच्या पायथ्याला एका मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं आणि सत्कार केला. सरांनी खांद्यावरची शाल चाचपली, दशी उलटसुलट करून पाहिल्या आणि थेट माईक हातात घेतला. "मित्रहो," म्हणाले, "आयुष्यात मी अशी एकच वस्तू पाहिली जिचा कणभरही वाया गेला नाही. कारण हिला आजवर कुणी अंगावरच घेतलेलं नाही." अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या मंडळानं त्यांना परत बोलावलं नाही, हे काही सांगायला नको.

अशा गोष्टी सांगत बसले तर संध्याकाळ होईल. आम्ही त्या हसण्यावारी नेत होतो आणि सरही नेऊ देत होते. पण मल्चिंग पेपरपाशी ते हसत नसत, आणि त्याचं कारण मला कळलं ते नाना कॉलेजच्या फाटकाशी आले त्या दिवशी.

नाना म्हणजे सरांचे थोरले भाऊ. घर मूळचं मेंढरांमागं हिंडणारं. धाकटा शिकला, थोरला मेंढरं घेऊन राहिला. भावासाठी त्याग वगैरे केला असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. शाळेच्या भिंतीत जीव घुसमटतो म्हणून नाना पहिल्याच वर्षी पळाले होते आणि ते अभिमानानं सांगायचे. दिवाळीनंतर नाना आणि वहिनी कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणात दिवस काढायचे आणि वैशाखात परतायचे. परतीच्या वाटेवर कुणाच्या तरी रिकाम्या रानात मेंढरं बसवायची. रात्रभर लेंड्या-मूत पडून रानाला खत होतं, मेंढरांना राहिलेला पाला मिळतो, मालक पायलीभर धान्य देतो. सर यावर वर्गात अख्खा तास बोलायचे. खत शेतकऱ्याचं, चारा मेंढ्यांचा, लोकर घोंगडीवाल्याची, मग मेंढीनं खाल्लेलं नेमकं कुणाच्या नावावर लिहायचं, हा प्रश्न मुलांना घालायचे. आणि शेवटी जरा हळू आवाजात सांगायचे की फळ्यावर काढलेल्या इतक्या चित्रांत हे एकच असं आहे ज्यातला प्रत्येक बाण फिरून आत येतो.

त्या दिवशी नाना फाटकाशी उभे होते, डोक्याला मुंडासं, हातात काठी. सर त्यांच्याशी बोलायला लागले आणि मी चकितच झाले. वर्गातली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"मास्तर," नाना म्हणाले. घरात नाना सरांना मास्तरच म्हणत. "आता बसवायला रानच ऱ्हायलं न्हाई. जिकडं बघावं तिकडं कागद. मागं त्यो कागद खाऊन माझ्या मेंढ्या गेल्या, तवापासनं मी कागदाच्या रानात पाय ठेवत न्हाई, तुला ठावं हाय. पण मग जायाचं कुठं? दर साली लांब लांब जातोय. तुझ्या वहिनीचं गुडघं गेलं. औंदा बघतो, न्हायतर इकून टाकतो."

"इकू नगं, नाना."

"मग खायला काय घालू? डांबरी सडक?"

सरांनी खांद्यावरची पिशवी चाचपली. मग म्हणाले, "म्या मोजून देतो. जेवढा कागद रानात गेला तेवढाच भाईर आला, असं मी सांगितलं तर बसवशील?"

"तू सांगशील तर बसवीन. दुसऱ्या कुणाचं ऐकायचो न्हाई."

तेव्हापासून सरांच्या आवक-जावकीला काम मिळालं. कळंबच्या अलीकडं घोड नदीच्या काठी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची बागायत होती. तो तयार झाला. दिवाळीनंतर कागद अंथरायच्या आधी सरांनी प्रत्येक गुंडाळी काट्याला लावली. टोमॅटो निघाला, मग खर्च वाचवायला, आमच्याकडं सगळेच करतात तसं, त्याच कागदावर काकडी घेतली. काकडीही संपली. आणि वैशाखात नाना घाट चढून वर आले, तेव्हा कागद काढायचा दिवस ठरला. माझं माहेर कळंबचंच, म्हणून मीही गेले. खरं सांगायचं तर सरांना इतकं उत्साहात मी कधी पाहिलं नव्हतं आणि ते पाहायला गेले होते.

बायकांनी सकाळपासून वाफ्यांवरचा कागद ओढून गठ्ठे केले. गठ्ठे मोठ्या काट्यावर चढवले, तर वजन गुंडाळ्यांच्या कितीतरी वर गेलं. विद्यार्थी हसत सुटला. "सर, कागद व्याला वाटतं!"

सरांना अर्थातच कळत होतं की ही माती आहे. कागदाला चिकटलेली माती धुवायची, कागद वाळवायचा आणि मग तोलायचा. बांधाकडचा एक गठ्ठा त्यांनी स्वतः हौदात धुतला, उन्हात पसरला, वाळल्यावर काट्याला लावला. दुसरा घेणार तोच लाइट गेली. शेतीची लाइट म्हणजे सरकारी पाहुणा, येईल तेव्हा खरी. मोटर बंद, हौदात तळाशी गाळ. तेवढ्यात नानांचा फोन, कळप कळंबच्या पुलापाशी आलाय, मेंढरं कालपासून धड चरली नाहीत. सर धुतलेल्या गठ्ठ्याकडं बघत राहिले. त्यात माती किती आणि कागद किती हे आता कळलं होतं. मग त्यांनी मातीचं तेच प्रमाण सगळ्या गठ्ठ्यांना लावलं.

'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीवर त्यांचा भारी राग होता. मुलांना सांगायचे, ही म्हण ज्यानं काढली त्यानं करपलेला तळ कधी बघितला नसणार. त्या दिवशी त्यांनी स्वतः शितच बघितलं. बेरीज मात्र सुंदर जुळली. गेला तेवढा कागद बाहेर आला होता. त्यांनी वाफ्यांवरून एक फेरी मारली, इथून तिथून काही तुकडे वेचले. रान वरून स्वच्छ दिसत होतं.

उन्हं कलताना कळप आला. पुढं नाना, मागं घोड्यावर बिऱ्हाड आणि त्यामागं गुडघ्यावर हात ठेवत वहिनी. नाना बांधावर थांबले.

"मास्तर, साफ?"

"साफ."

नानांनी पुढं काही विचारलं नाही. काठी बाजूला केली आणि मेंढरं रानात शिरली. चूल पेटली, वहिनींनी भाकरी थापली, सर मातीत मांडी घालून बसले. एक कोकरू फडक्यात घालून त्यांनी ताणकाट्याला लावलं, ते लाथा झाडायला लागलं, तसे नाना तोंडाला मुंडाशाचं टोक लावून हसले. "मास्तर, त्याला तरी सोड," म्हणाले. सर त्या संध्याकाळी पोरासारखे दिसत होते.

दोन-तीन दिवस बसून कळप पुढं गेला, लोणी-धामणीच्या माळाकडं. मग एका सकाळी कॉलेजात सरांचा फोन वाजला. पलीकडून नाना काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सरांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेंढरं चरंनात म्हणे." माझ्याशी ते गावच्या भाषेत बोलले ते पहिल्यांदा. आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना गाडीत घेतलं आणि निघालो.

माळावर सावलीला एक लिंब होता. त्याखाली मेंढ्या नुसत्या उभ्या होत्या, माना खाली, पोटं फुगलेली. काही आडव्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी एकदोघींची पोटं चाचपली आणि सरांकडं न बघता नानांना म्हणाले, "पोटात गोळा आहे. कागद असणार. आता औषधानं निघायचा नाही." सर म्हणाले, "कसं शक्य आहे? बेरीज जुळली होती." डॉक्टर पुढच्या मेंढीकडं वळले.

एक मेंढी पहाटेच मेली होती. वहिनी तिच्या डोक्याशी बसल्या होत्या. नानांनी सुरी घेतली आणि कुणाला काही न विचारता तिचं पोट फाडलं. आतून चाऱ्यात गुंतलेला, मळलेला, मुठीएवढा गोळा निघाला. उन्हात धरला तर मधूनच चंदेरी चमकला. नानांनी तो सरांच्या हातात ठेवला.

"घे, मास्तर. हे ऱ्हायलं व्हतं बघ तुझ्या बेरजेतनं."

नानांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. सर गोळा हातात धरून उभे होते आणि त्यांचा दुसरा हात पिशवीत जात होता. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं. काटा अर्धा बाहेर आला होता तेव्हा वहिनी बोलल्या.

"भावजी, तेवढा काटा आत ठेवा."

"वैनी, किती ऱ्हायलं ते कळलं पायजे."

"गाभण व्हती ती," वहिनी म्हणाल्या. "तेबी मोजा मग."

सरांनी काटा आत ठेवला. त्या दिवशी आणि नंतरच्या आठवड्यात किती मेंढ्या गेल्या ते मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. परत येताना गाडीत गोळा सरांच्या मांडीवर होता, त्यांच्याच रुमालात बांधलेला.

सुट्टी लागली. विद्यार्थ्याच्या गोठ्यामागं ते न धुतलेले गठ्ठे तसेच पडून होते. सर रोज जाऊन एकेक धुवायला लागले. एकदा मी गेले, तर हौदाशी उकिडवे बसले होते, कोपरापर्यंत चिखल. मला बघून त्यांनी दोन गठ्ठे दाखवले. कडेचा कागद करंजाच्या सावलीत होता, म्हणून सबंध निघाला होता. मधल्या वाफ्यांवरचा दोन पिकं उन्हात भाजून पापडासारखा झाला होता. ओढताना त्याचा चुरा झाला, चुरा मातीत राहिला आणि गठ्ठ्यात आली ती मुळांना धरून आलेली ढेकळं. मग मेंढरांनी खुरांनी रान उकरलं आणि खालचं वर आलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मधल्या गठ्ठ्यांत कागद नव्हताच. मी मातीलाच कागद समजून मोजलं."

मी सांगायला गेले की हे कुणाच्याही हातून झालं असतं. ते म्हणाले, "कुणाच्याही हातून झालं असतं तर नाना कुणाचंही ऐकले असते." मला त्या माणसाची फार दया आली आणि ती दाखवायची सोय नव्हती.

पुढचं सत्र कॉलेजात कसं गेलं ते आठवलं की अजून कसंसं होतं. ते वर्गावर जायचे, चौकटी काढायचे, बाण जोडायचे आणि शेवटच्या चौकटीपाशी आले की खडू ठेवून द्यायचे. तोंडी परीक्षेत त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. सगळ्यांना सारखे गुण दिले. मुलं खूश झाली. मला रडू आलं. ताणकाटा त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून दिला होता. दिवाळीच्या आतच त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि निरोपाचा कार्यक्रम नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर ते रोज त्या घोडकाठच्या रानात दिसायला लागले. विद्यार्थ्यानं ते शेत पडीक ठेवलं होतं. त्यालाही ती गोष्ट लागली होती. सर सकाळी यायचे, एक वाफा धरायचे, गुडघ्यावर बसून माती बोटांनी चाळायचे आणि कागदाचे कण वेचून गोणीत टाकायचे. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. कुणी म्हणे मास्तराच्या डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणे गुप्तधन शोधतोय. विद्यार्थी बिचारा एकदा म्हणाला, "सर, नांगर घालू का? सगळं खाली जाईल बघा." सरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो आजही ती नजर सांगताना कानाला हात लावतो. माहेरी गेले की मी बांधावर थोडा वेळ बसायची. सर बोलायचे, पण पिकाबद्दल, पाण्याबद्दल. नानांचा विषय मी काढायची नाही.

वैशाख आला. नाना उरलेली मेंढरं घेऊन घाट चढले आहेत हे मला विद्यार्थ्याकडून कळलं. त्या दिवशी मी बांधावरच होते. पडीक रानात हिरवळ चांगली माजली होती. चोहीकडं कागदाची रानं उन्हात चकाकत होती आणि मध्ये तेवढा एक हिरवा तुकडा. कळप रस्त्यावर आला. आधीपेक्षा खूपच लहान दिसत होता. वहिनी बरोबर नव्हत्या. गुडघ्यांमुळं त्या यंदा घरीच राहिल्या होत्या.

सर उठून उभे राहिले. दोघं भाऊ वर्षभरात भेटले नव्हते. नाना बांधावर आले, रानाकडं पाहिलं, मग खाली बसून त्यांनी मूठभर माती उचलली आणि तळहातावर पसरून बघितली. दोन पावलं पुढं जाऊन आणखी एक मूठ. तिसऱ्यांदा त्यांनी माती बघितली नाही, भावाकडं बघितलं.

"दिवाळीपासनं हेच करतोयस म्हणं?"

सरांनी मान हलवली.

"मला काय घावलं न्हाई बघ यात," नाना म्हणाले. "मास्तर, झालं ते झालं. मेंढरं दोन दिस उपाशी हायती. पुढं कुठं रान न्हाई. तू हो म्हण, मी बसवतो."

मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. रान स्वच्छ होतं, साऱ्या तालुक्यात तेवढं स्वच्छ रान नसेल. नाना स्वतः मागत होते. एक शब्द तर हवा होता.

सरांनी रानाकडं पाहिलं, इकडून तिकडं, वाफा न् वाफा. त्यांचे ओठ हलले. मग म्हणाले, "न्हाई, नाना. आजून आसंल."

"कुठं हाय? दाखीव."

"दिसत न्हाई. पण आसंल."

"आरं, मी बघितलं ना."

"म्याबी बघितलंच व्हतं."

मी मध्ये पडले. म्हटलं, सर, असं काय करता, एवढ्याशा कणानं काही होत नाही, नाना स्वतः म्हणताहेत. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांचा विलक्षण राग आला. तो राग अजून गेलेला नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेंढरं हिरवळीकडं माना ताणत होती, एकदोन बांधावर चढलीही होती. नानांनी त्यांना काठीनं हळूच मागं सारलं. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. जाताना त्यांनी भावाच्या खांद्यावरची माती झटकली आणि कळप माळाच्या वाटेला लावला.

आषाढात नानांनी कळप विकला. व्यापाऱ्याचा टेम्पो मेंढरं भरून कळंबवरून पुण्याकडं गेला, तेव्हा सर रानातच होते. टेम्पो कुणाचा ते त्यांना रस्त्यावरच्या माणसांनी ओरडून सांगितलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा माती चाळायला घेतली.